झाकण ठेवणारी बाई

दोन्ही हात पुरणाने माखलेले होते म्हणून वीणाने कोपराने रेडिओचं बटण दाबलं, तर बंद व्हायच्या ऐवजी तो आणखी मोठ्याने गायला लागला. नेमकं तेच गाणं. गिटारची ती ओळखीची सुरुवात, मग तो खरखरीत, जरासा नाकातला आवाज, आणि लगेच गाण्यातलं ते पिवळ्या दिव्याचं स्वयंपाकघर. वीणाने सरळ प्लगच ओढून काढला. भिंतीवर पुरणाची बोटं उमटली.

"राहू द्यायचंस की," बाहेरच्या खोलीतून कमलाकर म्हणाले. "आता बातम्या लागणार होत्या."

"बातम्या ऐकायच्या होत्या की गाणं?"

सख्ख्या भाचीचं, देविकाचं, गाणं नवऱ्याला आवडतं हे वीणाला पक्कं ठाऊक होतं. गाडीत ते लागलं की क्लचवरचा त्यांचा पाय ठेका धरायचा, आणि बायकोचं लक्ष गेलं की बिचारा पाय दचकून थांबायचा.

बरं, टाळायचं म्हटलं तरी ते गाणं टाळता कुठे येत होतं? दातांच्या डॉक्टरकडे तोंडाचा आ करून पडलं की ते छतातून ऐकू यायचं. सुपरमार्केटात भोपळी मिरच्या निवडताना ते मागून यायचं. गाण्यात फार काही नव्हतंच. बाप गेलेली एक लहान मुलगी नातेवाइकांच्या घरी राहते. तिला भूक लागलेली असते. सोन्याच्या बांगड्या घातलेली एक बाई विचारते, आणखी हवं का? मुलगी नको म्हणते. बाई भांड्यावर झाकण ठेवते, दिवा मालवते आणि वर निघून जाते. पुन्हा एकदा विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं, हे त्याचं पालुपद. तिथे आलं की हजारो माणसं अंधारात मोबाइलचे दिवे हलवत रडायची. इंग्रजांना त्यात आपापली सावत्र आई किंवा बोर्डिंग स्कूल दिसत असेल. मराठी माणसांना मात्र लंडनजवळच्या मेडनहेडची वीणा दिसायची, कारण देविका लहानपणी कुणाच्या घरी राहिली हे अख्ख्या महाराष्ट्र मंडळाला माहीत होतं.

तोंडावर कुणी काही बोललं नव्हतं. बोललं असतं तर बरं झालं असतं, वीणा काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. पण गणपतीच्या जेवणात ती भात वाढायला उभी राहिली की रांगेतून कुणीतरी म्हणायचं, "वीणाताई, आम्हाला दोनदा विचारा हं!" आणि सगळे हसायचे. तीही हसायची, दुसरं करणार काय? उरलेल्या अन्नावर झाकण ठेवायचं नाही तर काय ते उघडं टाकायचं, असं तिला ओरडून विचारावंसं वाटे. पण गाण्याशी भांडता येत नाही. गाणं आपलं म्हणणं म्हणून पुढे निघून जातं.

इथवर तिने निभावलं होतं. मग लंडनमध्ये एजवेअरला तिच्या नातीच्या, सियाच्या, शाळेतल्या कॉयरने तेच गाणं बसवलं. सिया नऊ वर्षांची. वीणाच्या मुलाने, विनयने, लेकीला काही सांगितलं नव्हतं, पण मंडळातल्याच कुणाच्या तरी मुलीने ते काम केलं. सियाने व्हिडिओ कॉलवर आजीकडे निरखून पाहिलं होतं, चेहऱ्याकडे नाही, हातातल्या बांगड्यांकडे.

"आजी, लिड लेडी तू आहे का? ती झाकणवाली?"

वीणाला उत्तर सुचलं नाही आणि त्या न सुचण्यालाच पोरीने उत्तर मानलं. दर हाफ टर्मच्या सुट्टीला आजीकडे राहायला येणारी सिया या वेळी नको म्हणाली. "आई, तिला थोडा टाइम दे," एवढंच विनय म्हणाला. त्या दिवशी वीणाने बांगड्या काढून कपाटात ठेवल्या आणि नणंदेला, देविकाच्या आईला, फोन लावला. सुमनशी ती स्वतःहून कितीतरी वर्षांनी बोलत होती. देविकाला घेऊन एकदा घरी ये म्हणाली. तिचं मागणं अगदी छोटं होतं. देविकाने सियाला आपल्या तोंडाने सांगावं, की ती बाई तुझी आजी नाही. बाकी जगाने काय समजायचं ते खुशाल समजावं.

दुपारी काळी लांबलचक गाडी दाराशी थांबली तेव्हा समोरच्या घराचा पडदा हलला. कमलाकर आधीच सटकले होते. वाटाण्याच्या वेलांना काठ्या लावायच्या राहिल्यात, असं सांगून त्यांनी भाजीच्या वाफ्याची वाट धरली होती. बायको आणि बहीण यांच्यामध्ये उभं राहण्यापेक्षा वाटाण्यांमध्ये उभं राहणं त्यांना नेहमीच परवडत आलं होतं.

गाडीतून आधी सुमन उतरली, गुडघे सांभाळत. अंगावर भारी रेशमी साडी, वर तसाच भारी कोट. मागून देविका आली. पोस्टरवरची रुंद हॅट नाही, गुडघ्यापर्यंतचे बूटही नाहीत. साधा हुडी घातलेली, डोळ्यांखाली काळं आलेली, पस्तिशीकडे झुकलेली बाई. वाकून नमस्कार करायला ती इतक्या पटकन खाली गेली की वीणाचा आशीर्वाद तोंडातच राहिला.

पुरणपोळीची ताटं आली. सुमन सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती, पूर्वी बसायची तशीच, जणू कुणी उठ म्हणालं तर वेळ लागायला नको.

"मला अर्धीच, वहिनी."

"अगं, अर्धी कसली? देविका, तू घे गं."

"नको मामी. पुरे." देविकाने ताटावर हात आडवा धरला, आणि तिची नजर आईकडे गेली. एक निमिषच. वीणाच्या मनात ते कुठेतरी अडकलं, पण काय अडकलं ते कळलं नाही.

"संध्याकाळी शो आहे ना लंडनला," सुमन म्हणाली. "शोच्या आधी ती जेवत नाही. मला मात्र पहिल्या रांगेत बसावंच लागतं. माझी खुर्ची ठरलेली. ते गाणं आलं की कॅमेरा माझ्यावर येतो, मोठ्या पडद्यावर दिसते मी. अमेरिकेत तर एक बाई येऊन माझ्या पाया पडली, वहिनी. गोरी."

ते खोटं नव्हतं. रेडिंग स्टेशनच्या बाहेर थंडीत गाणारी ही पोर पबमध्ये गायला लागली, पबमधून फेस्टिव्हलच्या चिखलात गेली, तिथून रेडिओवर, आणि एका हिवाळ्यात ते गाणं असं काही उडालं की पार अमेरिकेत, नॅशव्हिलला जाऊन बसलं. कॉव्हेंट्रीत जन्मलेली मराठी मुलगी अमेरिकन 'कंट्री' गाणी गाते याचं आधी लोकांना हसू आलं होतं. नंतर त्याचीच बातमी झाली, आणि बातमीत दरवेळी तिच्या बालपणाचे हाल आले. डॉक्टर बाप मोटरवेवरच्या अपघातात गेला, हॉस्पिटलचं क्वार्टर सोडावं लागलं, मायलेकी नातेवाइकांच्या घरातल्या बॉक्सरूममध्ये राहिल्या. नातेवाइकांचं नाव कुणी छापलं नाही, ही त्यांची मेहरबानी.

"मामी, मी वरची रूम बघू का?" देविकाने विचारलं.

वीणा तिच्या मागोमाग जिना चढली. तिला हेच हवं होतं, सुमन खाली आणि ही एकटी.

बॉक्सरूम म्हणजे एक पलंग आणि खाली एक गादी मावेल एवढी जागा. पलंगावर कोल्ह्यांच्या चित्रांची नवी चादर घातलेली होती. सिया येणार नाही म्हणाली होती तरी वीणाने ती घातली होती. देविका आत गेली आणि शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतीवर तिने तळहात टेकवला.

"टेरी आहे का अजून?"

"गेला बिचारा. लॉकडाऊनच्या आधीच."

"त्याची रेकॉर्ड्स इथून ऐकू यायची. मी कान लावून ऐकायची. एकदा माझा गाणं त्याला ऐकू गेला, आणि त्याने फेन्सवरून गिटार दिली. आई नको म्हणत होती. तुम्ही म्हणालात, घे."

"मग ते नाही वाटतं बसलं गाण्यात?" वीणाचा तोल गेला. कंबर कसून आली होती ती, किती वर्षांचं साचलेलं. "माझा एकच प्रश्न आहे, देविका. मी तुला उपाशी ठेवलं?"

"नाही."

इतक्या सरळ उत्तराची वीणाला अपेक्षा नव्हती. तिने दार लोटून घेतलं.

"मग?"

देविका पलंगावर बसली. बोलताना ती चादरीवरच्या कोल्ह्याकडे बघत होती.

"आईचा रूल होता. मामीने विचारलं की नको म्हणायचं. परत विचारलं तरी नको. मग उठून प्लेट धुवायचा. आपण दुसऱ्याच्या घरात आहोत, आपला भार दिसला नाही पाहिजे, असं ती म्हणायची. मी एकदा हो म्हटलं. श्रीखंड होता. आई माझ्याशी कितीतरी दिवस बोललीच नाही. मला खूप भूक लागायचा, मामी. तुम्ही आधी खूप विचारायच्या. मी वाट बघायची, की मामी आज न विचारता प्लेटमध्ये टाकेल. टाकलं असतं तर आईला काही बोलता नसतं आलं ना? मग तुम्ही विचारणंच बंद केलं."

वीणा खिडकीपाशी गेली. का बंद केलं होतं तिने? इथे मुलांना बळेबळे भरवायचं नसतं, असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, ते एक झालं. पण तेवढंच नव्हतं. रोज मायलेकींचं ते नको नको ऐकून तिचा जीव विटला होता. मन लावून करावं, आणि समोरच्याने पाहुण्यासारखं अर्ध्यावर हात आडवा धरावा. मान दुखावला होता तिचा. नको तर नको, गेलात उडत, असं एका संध्याकाळी मनात आलं आणि ते तसंच राहिलं. पोरीच्या तोंडाकडे बघायचं राहून गेलं. आग्रह म्हणजे काय असतो हे ज्या घरात शिकली त्या घराची आठवण होऊन तिला आत्ता स्वतःची लाज वाटली.

"ती बाई सुमन होती तर मग," ती हळू आवाजात म्हणाली. "मग बांगड्या कशाला घातल्यास गाण्यात?"

"त्या नंतर घातल्या. आधी गाण्यात फक्त एक बाई होती, जी मुलीला नको म्हणायला लावते. रेडिंगच्या पबमध्ये गायले मी ते. आई पहिल्यांदाच ऐकायला आली होती, कोटसुद्धा काढला नव्हता तिने. गाणं संपल्यावर मला बाजूला घेतलं आणि विचारलं, ही बाई कोण गं? इतकी घाबरलेली दिसत होती, मामी. मला नाही सांगता आलं. मी म्हटलं, मामी." देविकाने नाक पुसलं. "आई रडली. तिने मला जवळ घेतलं. फर्स्ट टाइम एव्हर. पुढच्या वेळी मी बांगड्या घातल्या, झाकण घातलं. आणि मग ते हिट झालं. आता शोमधून काढलं तर लोक पैसे परत मागतील. काढलं नाही तर ती समोर बसून रडते आणि मला गायला लागतं. रोज. तुम्हाला वाटतं तुम्ही एकट्याच त्या किचनमध्ये अडकलात?"

वीणाला राग आला, दया आली आणि पुन्हा राग आला. या दोघींच्या मायेची किंमत तिने का मोजावी?

"जगाला नको सांगूस," ती म्हणाली. "पण माझ्या सियाला सांग. माझी नात माझ्या घरी यायला घाबरते, देविका. ही चादर तिच्यासाठी घातलीय."

देविकाने चादरीवरून हात फिरवला. मग तो पुढे केला.

"तुमचा फोन द्या. आत्ताच सांगते."

वीणाने सियाचा नंबर काढून दिला. आज रविवार, पोर घरीच असणार. देविकाने व्हॉइस मेसेजचं बटण दाबून धरलं आणि फोन तोंडाशी नेला.

"हाय सिया, मी देविका. मी आत्ता तुझ्या आजीच्या घरी आहे. ऐक, त्या गाण्यातली जी लेडी आहे ना, ती..."

"कुणाशी बोलतेस गं?"

दार उघडलं. सुमन धापा टाकत उंबऱ्यात उभी होती, एक हात चौकटीवर. देविकाच्या हातातला फोन खाली आला, अंगठा मात्र बटणावर तसाच दाबलेला राहिला.

सुमनने लेकीचे ओले डोळे पाहिले, वीणाचे पाहिले, आणि तिच्या चेहऱ्यावर एक समजूतदार हसू आलं.

"बोललात ना दोघी? बरं झालं. मलाही बोलायचंच होतं, वहिनी." ती आत येऊन पलंगाच्या कडेवर टेकली. "ही इथे झोपायची, आणि मी खाली गादी घालून. रात्रभर पोरगी कूस बदलायची. मला वाटायचं, बापाची, हरीशची, आठवण येत असेल. भूक असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एवढी स्वाभिमानाने वाढवली तिला, आणि माझीच पोर माझ्या शेजारी उपाशी झोपत होती? त्या पबमध्ये ऐकलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली. वाटलं, मीच काही केलं का? मग हिने सांगितलं तुमचं. राग आला तुमचा, खोटं कशाला बोलू. पण सुटल्यासारखं झालं. निदान माझ्या हातून नाही झालं, एवढ्यावर मी जगलेय, वहिनी."

"आई..." देविका म्हणाली.

"थांब गं. मला बोलू दे." सुमनने वीणाचा हात हातात घेतला. "मी तुम्हाला माफ केलंय. केव्हाच केलंय. सांगायचं तेवढं राहिलं होतं."

वीणाच्या तोंडाशी आलं होतं. एक वाक्य बोललं की सुटका. सिया येईल, मंडळातल्या बायकांची तोंडं बंद होतील, दाताच्या डॉक्टरकडे निवांत आ करता येईल. सुमनचे खांदे धरून तिला गदागदा हलवावं असं वाटत होतं तिला. तिने देविकाकडे पाहिलं. स्टेडियम गाजवणारी ती बाई पलंगावरून उठून कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभी होती, अगदी लहान पोरीसारखी. हातातला सुमनचा हात म्हातारा झाला होता आणि गार होता.

"चुकलं माझं, सुमन," वीणा म्हणाली. "पोरीच्या पोटाकडे बघायला हवं होतं मी."

देविकाचा हात सैल पडला. फोनमधून बारीक आवाज आला, आणि तिने खाली पाहिलं.

"मामी, ते गेलं," ती पुटपुटली. "अंगठा सुटला. सगळं गेलं सियाला."

सुमनला त्यातलं काही कळलं नाही. ती डोळे पुसत उठली आणि जिन्याचा कठडा धरून खाली निघाली. खालूनच तिची हाक आली.

"वहिनी, पोळी गरम आहे का अजून? आज पोटभर जेवते बाई मी. देविका, ये गं, तूही बस. लाजायचं काय, आपलंच घर आहे!"

दोघी खाली आल्या. सुमन जेवणाच्या टेबलाशी खुर्ची पुढे ओढून ऐसपैस बसली होती. तिने स्वतःच्या हाताने अख्खी पोळी वाढून घेतली होती आणि दुसरी घ्यायला हात लांब केला होता. या घरात तिला असं जेवताना वीणाने कधी पाहिलं नव्हतं. वीणा स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. देविका तिच्या मागे आली. फोन तिच्याच हातात होता.

"डिलीट करू का? तिने ऐकलं नसेल अजून."

तेवढ्यात फोन वाजला. सियाचं उत्तर आलं होतं. देविकाने आवाज बारीक करून ते लावलं.

"आजी, मी ऐकला सगळा. डॅडपण होता. तू सॉरी म्हणाली त्या आजीला. दॅट्स रिअली ब्रेव्ह, डॅड म्हणाला. मी आता रागावली नाही तुझ्यावर. मी शनिवारी येणार, ओके? आय फर्गिव्ह यू."

वीणाने ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकताना तिने डोळे मिटून घेतले. पोरीचा आवाज किती दिवसांनी असा मोकळा ऐकत होती ती.

"मामी," देविका म्हणाली, "तिला फोन करते. सगळं खरं सांगते. आईला नाही कळणार."

बाहेरून सुमनने तूप मागितलं, जरा खणखणीत आवाजात.

"शनिवारी येतेय ना ती?" वीणा म्हणाली. "मग आता काय सांगायचं!"

तिने तुपाचं भांडं उचललं आणि ती वाढायला गेली.